पडद्याकडे पाठ करून

पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोर सायकलच्या दुकानावर एक माडी आहे. तिथं भिमाजी भिंगारदिवे सरांचा टायपिंगचा क्लास होता. बारा मशिनं. बारा लाकडी स्टुलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली घड्याळ. सरांची खुर्ची खिडकीशी असे, आणि सर त्या खुर्चीत वर्गाकडे पाठ करून बसत.

नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी बरं वाटे. मास्तरांचं लक्षच नाही. दुसऱ्या दिवशी सर शेवगावची गाडी लागताना बघत असत आणि मान न वळवता म्हणत, "चार नंबर, तुझी करंगळी झोपलीय. उठव तिला."

चार नंबरवाला दचकून हाताकडे बघे. करंगळी खरंच वर उचलून धरलेली असे आणि तिचं काम अनामिका करत असे.

बारा मशिनांच्या खडखडाटात सरांना एकेक बोट वेगळं ऐकू येई. त्यात जादू नव्हती. सर जामखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून दहावी होऊन नगरला आले, तेव्हा टायपिंग शिकायला फीचे पैसे नव्हते. एका क्लासात झाडू मारायचं काम मिळालं. मालक म्हणाला, झाडून झालं की रोज अर्धा तास मशीन तुझं. तो अर्धा तास मिळायला चार महिने गेले. ते चार महिने भिमाजी झाडत झाडत ऐकत होता. कुणाचा ठोका जड, कुणाचा हलका, कुणाचं बोट उशिरा पडतं. झाडूच्या दांड्यावर त्याची बोटं त्याच चालीनं पडत. अखेर स्टुलावर बसायला मिळालं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं न बघता सगळी अक्षरं काढली. मालकाला वाटलं, पोरगा आधी कुठंतरी शिकून आलाय.

शहात्तर साली सरांनी पाथर्डीत स्वतःचा क्लास काढला. तेवीस वर्षांत आजूबाजूच्या तालुक्यांतली कचेरी, कोर्ट, डेपो, पंचायत समिती त्यांच्या विद्यार्थ्यांनी भरली. कुठल्याही कचेरीत सर गेले की आतून दोन-तीन माणसं उठून उभी राहत. सरांना ते आवडे. ते तसं कबूलही करत.

नव्याण्णव साली त्यांच्या क्लासात मालन गर्जे नावाची मुलगी होती. विशीतली. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जात. मालन आजीजवळ राहून बारावी झाली होती. इंग्रजी टायपिंगच्या मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. ती टाइप करायला लागली की सर खिडकीबाहेर बघायचं सोडून डोळे मिटून घेत. एवढी स्तुती त्यांनी दुसऱ्या कुणाची केली नाही.

जुलैत तिचे वडील कानिफनाथ क्लासात आले. चपला जिन्यातच काढल्या. रामराम घालून उभेच राहिले.

"सर, दसऱ्याला गाडी येनार," ते म्हणाले. "थोरल्याचा कोयता अर्धा पडलाय."

सर समजले. ऊसतोडीत दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. नवरा-बायको नसतील तर भाऊ-बहीण. मालनच्या भावाला जोडीदार नव्हता.

"दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर मी तिला न्हाई म्हननार न्हाई," कानिफनाथ म्हणाले. "न्हाई लागली तर तिला यावं लागंल. मला दुसरा इलाज न्हाई."

ते रागावलेले नव्हते.

आठ दिवसांनी पेपरात जाहिरात आली. राहुरीच्या बाजूच्या एका साखर कारखान्याला काटा-ऑफिसात, म्हणजे ऊस वजन करतात तिथं, एक माणूस हवा होता. बारावी पास, इंग्रजी टायपिंग चाळीस शब्द. त्याखाली आणखी एक ओळ होती: संगणकाचं ज्ञान आवश्यक. सप्टेंबरअखेर चाचणी. सरांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या माडीवर तेवीस वर्षांत वीज फक्त दोन ट्यूबलाईट आणि एका पंख्यासाठी लागली होती.

दुसऱ्या दिवशी ते राहुरीला गेले. तिथं कृषी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात माधुरी होती. चौऱ्याऐंशीच्या बॅचची. तेव्हा सहा नंबरच्या मशीनवर बसायची आणि सरांना उलट उत्तरं द्यायची. आता पस्तिशीची होती. उलट उत्तरं कायम होती.

माधुरीनं ऐकून घेतलं. मग त्यांना गोदामात नेलं. तिथं जुने कॉम्प्युटर लिलावाची वाट बघत पडले होते. नव्या गाड्या आल्यावर डेपोच्या मागं जुन्या उभ्या असतात तसे. लिलाव झाला आणि एक डबा सरांना रद्दीच्या भावात मिळाला. टाइपरायटरपेक्षा हलका, हे सरांनी उचलून पाहिलं आणि त्यांना ते पसंत पडलं नाही. त्यातलं सगळं पुसलेलं होतं. बटण दाबलं की पडद्यावर एक ओळ येई आणि पुढं काही होत नसे.

"याला सिस्टीम लागते," माधुरी म्हणाली. "ती नसली की कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्रा. मी विंडोजची कॉपी टाकून देते. सगळे तेच करतात."

सर म्हणाले, त्यांच्या क्लासात चोरीचा कार्बनपेपरही चालत नाही. दरवर्षी तपासणी होते. आणि तपासणी नसती झाली तरी चालला नसता.

माधुरीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, अशाही सिस्टीम आहेत ज्या स्वतःच सांगतात, माझी कॉपी करा, दुसऱ्याला द्या, आतलं उघडून बघा. लिनक्स म्हणतात. इंग्रजी मासिकांबरोबर त्यांच्या सीडी येतात.

सरांचा विश्वास बसेना. त्यांनी त्या सीडीतल्या परवान्याची छापील प्रत मागून घेतली. इंग्रजी कायद्याची भाषा त्यांना वाचून कळत नसे, टाइप करून कळे. त्यांनी पहिली दोन पानं क्लासात बसून टाइप केली. मग माधुरीला डेपोतल्या फोनवरून कळवलं, ठीक आहे, माणसं भली दिसतात, घेऊन ये.

पुढच्या रविवारी माधुरी सकाळच्या गाडीनं आली. पिशवीत तीन सीडी, सीडीचा उसना ड्राइव्ह आणि पेचकस. कॉम्प्युटर बाराव्या मशीनच्या शेजारी टेबलावर ठेवला होता. सरांनी त्यावर खडूनं आकडा टाकला होता: तेरा.

तिन्ही सीडी लिनक्सच्याच, पण तीन वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या. माधुरी म्हणाली, नवशिक्याला सोपी कुठली ते बघून एक ठेवायची. पहिली तिच्या पसंतीची होती. चित्रांची. माऊसनं चालवायची. ती बसवायला दुपार झाली. मग सरांनी मालनला तेरा नंबरवर बसवलं आणि स्वतः जाऊन खिडकीशी बसले. पाठ करून.

"सर, कॉम्प्युटर बघायचा असतो," माधुरी म्हणाली.

"ती बघेल. मला तो बघायचा नाही."

त्यांनी परीक्षा ठरवून दिली होती. नवं पत्र उघडायचं. समोरच्या कागदावरचा उतारा टाइप करायचा. पत्र ठेवून द्यायचं, बंद करायचं, पुन्हा उघडून दाखवायचं. घड्याळ भिंतीवर होतंच.

चित्रं यायला सात मिनिटं लागली. तेवढा वेळ डब्यातून जात्यासारखी घरघर येत होती. माधुरी म्हणाली, मेमरी कमी आहे, त्याला दम लागतो. मग माऊसची टिकटिक. शांतता. टिकटिक. शांतता. मग एकदाची बोटं पडायला लागली, आणि सरांनी मान हलवली. पण दोन ओळी झाल्या आणि पुन्हा थांबलं. टिकटिक. पुन्हा बोटं.

काम झालं तेव्हा उताऱ्यातल्या तीन ओळी वाचता येत नव्हत्या. मालनला रडू येऊ घातलं होतं. असं तिचं कधी झालं नव्हतं.

सरांनी कागद मागितला नाही. त्यांना कळलं होतं. तेवीस वर्षं ते सांगत आले होते, हात जागेवरून उचलायचा नाही, डोळे कागदावरून काढायचे नाहीत. माऊस घ्यायला मालननं उजवा हात उचलला. परत ठेवताना तो एक घर सरकून बसला. डोळे कागदावर. मग सगळी ओळ एक घर सरकलेली.

"सवयीनं होईल," माधुरी म्हणाली.

"सवयीला आपल्याकडे सात आठवडे आहेत," सर म्हणाले. "दुसरी लाव."

दुसरी सीडी सुरूच झाली नाही. माधुरीनं पडद्यावरची ओळ वाचली आणि सांगितलं, हिला नवा, मोठ्या ताकदीचा कॉम्प्युटर लागतो. सरांनी ती सीडी कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. घरी आलेल्या पण न जेवता निघालेल्या पाहुण्याला पोचवावं तशी.

तिसरी माधुरीनं बाहेरच काढली नव्हती.

"ती नवशिक्यांची नाही, सर. चित्र नाही, काही नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. आमच्याकडं शिकायला येणारी पोरंसुद्धा तिला बिचकतात. तसल्या काळ्या पाट्या आता जुन्या ऑफिसांतच उरल्या असतील."

"आणलीस कशाला मग?"

"दोनच कशा आणायच्या म्हणून."

सरांनी तिसरी स्वतः बसवायची ठरवली. माधुरी पुस्तिकेतून वाचून सांगणार, सर टाइप करणार. कारण तिच्यात सगळं टाइपच करायचं होतं, आणि ते ऐकल्यापासून सर खुर्ची सोडून तेरा नंबरजवळ येऊन बसले होते.

सुरुवात झाली आणि लगेच अडली. सिस्टीम विचारी, डिस्कच्या कुठल्या भागात बसू? त्या भागाचं नाव टाइप करायचं होतं. तीन अक्षरं आणि शेवटी एकचा आकडा. सरांनी टाइप केलं. उत्तर आलं, असा भाग नाही. पुन्हा केलं. असा भाग नाही. माधुरीनं डिस्क तपासली. भाग होता. सरांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि काचेवरच एकेक अक्षर तपासलं. चूक नव्हती. परगावच्या परीक्षांचे कागद बोर्ड त्यांच्याकडे तपासायला पाठवी. त्यांना चूक सापडली नाही म्हणजे चूक नव्हती.

संध्याकाळच्या गाडीनं माधुरी गेली. जाताना म्हणाली, सीडी खराब असेल, पहिलीच ठेवू. त्या आठवड्यात सरांनी ते नाव शंभर वेळा टाइप केलं असेल. मधेच त्यांनी कारखान्याला एक पत्र पाठवलं, चाचणी कुठल्या सिस्टीमवर आहे ते कळवावे. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

पुढच्या रविवारी माधुरी पुन्हा आली. सर तेरा नंबरवर, माधुरी शेजारी पुस्तिका घेऊन. मालन मागं उभी. सरांनी नाव टाइप केलं. असा भाग नाही.

"सर," मालन म्हणाली. "पुन्यांदा करा बरं."

त्यांनी केलं. ती पडद्याकडे बघत नव्हती.

"तुमची उजवी अनामिका पडली, सर. शेवटाला."

"एकला तीच पडते."

"व्हय, मशीनवर. पन हितं एकचा आकडा निराळा हाय. डावीकडं, वर. करंगळीचा."

माधुरी उठून उभी राहिली. मग खाली बसली आणि हसायला लागली, इतकी की पुस्तिका खाली पडली.

क्लासातल्या बाराही टाइपरायटरांवर एकचा आकडा नव्हता. दोनापासून पुढं होते. एक काढायचा तर इंग्रजी लहान एल मारायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसत. त्या जुन्या मॉनिटरवरही सारखेच दिसत. तेवीस वर्षांत सरांनी हजारो पोरांना तेच शिकवलं होतं. डोळ्यांना चूक दिसणार नव्हती, कारण ती बोटात होती. आणि ती पकडली होती त्यांच्याच विद्यार्थिनीनं, हात बघून.

सर बराच वेळ आपल्या अनामिकेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती." आणि डाव्या करंगळीनं, एखाद्या नव्या पोरासारखं, हळूच एक दाबला.

सिस्टीम बसली.

चहा झाल्यावर मालन बसली. सर खिडकीशी गेले. आधी काळ्या पडद्यानं तिचं नाव विचारलं. मग परवलीचा शब्द. मग एक ठिपका लुकलुकत राहिला. माधुरीनं तिला चार आज्ञा लिहून दिल्या होत्या. सगळ्या दोन-चार अक्षरांच्या. पत्र लिहायचं जे साधन होतं, त्याच्या तळाशी दोन ओळींत कुठली कळ दाबली की काय होतं ते लिहिलेलंच होतं.

बोटं पडायला लागली. सरांनी स्टँडकडे बघितलं. नगरची गाडी आली, रिकामी झाली, भरली. बोटं पडत होती. थोडं थांबून दोन अक्षरं, कळ, पुन्हा चाल. हात एकदाही जागेवरून उठला नाही. टाइपरायटरच्या खडखडाटापुढं हा आवाज फार बारीक होता, पावलं वाजू नयेत म्हणून कुणी अनवाणी चालावं तसा. पण चाल तीच होती. सरांनी डोळे मिटले.

माधुरीनं घड्याळ पाहिलं. पहिल्या सीडीवर लागलेल्या वेळाच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं होतं. उताऱ्यात चूक नव्हती.

"हीच," सर न वळता म्हणाले.

तेव्हा त्या दोघांचं जुंपलं. माधुरीचं म्हणणं, आज काम झालं हे ठीक, पण बाहेर जिकडंतिकडं चित्रं आहेत. चाचणीत माऊस समोर आला तर पोरगी काय करेल? सगळं जग जिथं सोपं म्हणतंय तिथं तुम्ही अवघड घेऊन बसलाय. सरांचं म्हणणं, अवघड कुणाला? चित्राखाली इंग्रजीत नावं असतात. मराठी शाळेत शिकलेली पोरगी ती वाचत बसते, त्यांचा अर्थ लावत बसते. या आज्ञांना अर्थच नाही. दोन अक्षरं. पहिल्या दिवशी मी ए-एस-डी-एफ घोटून घेतो, त्याला तरी कुठं अर्थ असतो? माऊस मी शेवटच्या आठवड्यात शिकवीन. हात मात्र शेवटच्या आठवड्यात शिकवता येत नाही.

माधुरी म्हणाली, "तुम्ही जबाबदारी घेताय, सर. दसऱ्याला गाडी येणार आहे."

"मला माहीत आहे कधी येणार ते."

त्याच वेळी लाईट गेली. तेरा नंबर गप्प झाला. माधुरी म्हणाली, हे आणखी एक, पाथर्डीत लाईट किती तास असते? सर उठले. त्यांनी मालनला सात नंबरच्या मशीनवर बसवलं, कागद चढवला आणि म्हणाले, त्याच आज्ञा काढ. वीस वेळा.

मालन टाइपरायटरवर कॉम्प्युटरच्या आज्ञा काढू लागली. नाव, परवलीचा शब्द, दोन अक्षरं, नव्या ओळीसाठी कॅरेज मागं. दोन अक्षरं, कॅरेज मागं. परवलीच्या शब्दातला एकचा आकडा आला की तिची डावी करंगळी दोनच्या डावीकडं जाई, जिथं कळच नव्हती, आणि पत्र्यावर टक् असा आवाज येई.

"चित्रांचा सराव असा करता येईल का?" सरांनी विचारलं.

माधुरीनं उत्तर दिलं नाही. सरांच्या क्लासात तिनं उत्तर दिलं नाही अशी ती पहिलीच वेळ.

ऑगस्ट आणि सप्टेंबर असेच गेले. सरांनी आज्ञांचा एक तक्ता स्वतः टाइप केला आणि धड्यांच्या शेवटी जोडला. लाईट असली की मालन तेरावर, नसली की सातावर. शेवटच्या आठवड्यात ती राहुरीला जाऊन दोन दिवस माधुरीच्या टेबलावर माऊसही शिकली. येतानाच्या गाडीत तिला झोप लागली आणि मांडीवर डावी करंगळी हलत होती, असं माधुरीनं सरांना सांगितलं. माधुरी तिला पोचवायला पाथर्डीपर्यंत आली होती. तशी गरज नव्हती.

चाचणीच्या दिवशी सर मालनबरोबर गेले. माधुरी रजा टाकून परस्पर आली. कारखान्याच्या ऑफिसाला लांब व्हरांडा होता आणि खोलीच्या खिडकीखाली बाक. उमेदवार चौदा होते. त्यांतले पाच-सहा नगरच्या कॉम्प्युटर क्लासातून आलेले, इस्त्रीचे कपडे, हातात रंगीत सर्टिफिकेटं. उरलेले टायपिंगवाले. मालन निळ्या साडीत होती. साडी आईची होती.

दार बंद झालं. सर बाकावर बसले. सवयीनं खिडकीकडे पाठ करून.

आतून साहेबांचा आवाज आला. प्रत्येकाला चिठ्ठी मिळेल. तीवर नाव आणि परवलीचा शब्द आहे. ते टाइप करून सिस्टीमच्या आत जायचं, उतारा टाइप करायचा, ठेवायचा. मदत मागायची नाही. वेळ सुरू.

मग कुणीतरी विचारलं, "सर, माऊस कुठंय?"

"माऊस नाही," साहेब म्हणाले. "इथं नव्वद सालापासून हेच आहे."

माधुरीनं टाचा उंचावून खिडकीतून पाहिलं. आत काळे पडदे होते. हिरवी अक्षरं. वर एक ओळ, नाव विचारणारी. ती हळूच खाली बसली. काही बोलावं असं तिला वाटलं, पण सरांनी हात वर केला. ते ऐकत होते.

आत बोटं पडत होती आणि अडत होती. नगरवाल्यांची एकेक अक्षर शोधणारी. ती सरांनी सोडून दिली. टायपिंगवाल्यांची मात्र त्यांना ओळखू येत होती. झटक्यात नाव, झटक्यात शब्द, मग थांबणं. पुन्हा झटक्यात नाव, झटक्यात शब्द. पुन्हा थांबणं. दारावर ढकलून परत यावं तसं.

"चिठ्ठीत एकचा आकडा आहे," सर पुटपुटले.

होता. नाव आणि शब्द दोन्हींच्या शेवटी एक होता, हे नंतर कळलं. परवलीचा शब्द तर पडद्यावर उमटतच नाही. चांगली शिकलेली, न बघता टाइप करणारी माणसं उजवी अनामिका मारत होती आणि दार उघडत नव्हतं, आणि का उघडत नाही ते सांगायला पडद्यावर काही नव्हतं. तसं त्यांना कुणी शिकवलं असेल? कदाचित सरांनीच. सरांनी मान खाली घातली.

मग एक आवाज निराळा आला. नाव. बारीकसा थांबा, एक बोट लांबवर जाऊन परत यावं एवढाच. शब्द. पुन्हा तोच थांबा. कळ. दोन अक्षरं, कळ. आणि मग चाल सुरू झाली. ती सुरू झाली आणि थांबेना. बाकीच्या तेरा जणांच्या त्या अडखळण्यातून ती एकटी सरळ निघाली, घाट संपल्यावर गाडी पळते तशी.

"मालन आत गेली," सर म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?" माधुरी म्हणाली. तिनं पुन्हा टाचा उंचावल्या. मालन कोपऱ्यात बसली होती. डोळे कागदावर. पाठ ताठ. हात जागेवर. बाकीचे सगळे पडद्याकडे बघत होते.

माधुरी वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला चुकीचं सांगत होते."

"तू बरोबर सांगत होतीस," सर म्हणाले. "तू बघून सांगत होतीस."

शेवटी साहेबांनी उठून अडलेल्यांना आत जायला मदत केली. पण तोवर घड्याळ बरंच पुढं गेलं होतं. मालननं उतारा ठेवला, बंद केला, पुन्हा उघडून तपासला, पुन्हा बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. ती बाहेर आली तेव्हा तिनं पहिलं काय सांगितलं तर, करंगळीला तिथं कळ लागली, पत्रा न्हाई.

नेमणुकीचं पत्र दसऱ्याच्या सहा दिवस आधी क्लासच्या पत्त्यावर आलं. सरांनी ते फोडलं नाही. मालनला बोलावलं. ती वडिलांना घेऊन आली. कानिफनाथांनी या वेळीही चपला जिन्यात काढल्या, पण उभे राहिले नाहीत. सरांनी दिलेल्या स्टुलावर बसले. मालननं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, थोरला यंदा चुलतभावासंगं जाईल. मग बराच वेळ तेरा नंबरकडे बघत बसले.

"हेच का ते?" त्यांनी विचारलं.

"हेच," सर म्हणाले.

कानिफनाथांनी उठून त्याच्यावर हात ठेवला. बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.

डिसेंबरात मालनचं पत्र आलं. कारखान्याच्या छपाईयंत्रावर छापलेलं, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. तिनं वडिलांबद्दल लिहिलं होतं, आण्णांची उसाची गाडी काट्यावर आली होती. मी त्यांचं नाव टाइप केलं. पावती निघाली. आण्णांना वाचता येत नाही, पण त्यांनी ती हातात धरून पूर्ण वाचली. मागच्या गाड्या थांबल्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.

सरांनी तांबडी पेन्सिल काढली. पत्र पहिल्यापासून तपासलं. कुठं थांबावं लागलं नाही. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग पत्र घडी घालून घड्याळामागं ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

क्लास भरला होता. मालन गेल्यापासून तेरा नंबरला रांग लागत असे. त्या वेळी तिथं नवा मुलगा बसला होता, तिसऱ्या दिवसाचा. सर शेवगावची गाडी लागताना बघत होते.

"तेरा नंबर," ते मान न वळवता म्हणाले. "अनामिका नको. करंगळी."